पाद्रीविना सव्वादोनशे वर्षे

दरवर्षी ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाचे फेस्त भरते. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना चालते. पहाटेपासून बॉम जेझूच्या आवारात माणसांची रीघ लागते. त्या रांगेत ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. दहा वर्षांतून एकदा होणारे शवप्रदर्शन तर सगळ्या गोव्याचाच सोहळा असतो. मागचे प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. त्याच्या थोडे आधी, ऑक्टोबरात, याच शवावरून वाद पेटला. मोर्चे निघाले, रस्ते अडवले गेले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले.

हा वाद आपल्याला नवा नाही. एक बाजू म्हणते, झेवियर हा संत आणि गोव्याचा राखणदार. दुसरी बाजू म्हणते, गोव्यात इन्क्विझिशन आणा असे पोर्तुगालच्या राजाला लिहिणारा तो हाच. १५४६ मध्ये त्याने राजाला तसे पत्र लिहिले ही गोष्ट खरी आहे. इन्क्विझिशन प्रत्यक्षात आले ते १५६० मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. ते कायमचे बंद व्हायला १८१२ साल उजाडावे लागले. हे सगळे आपण अनेकदा वाचलेले आहे. मला आज सांगायची आहे ती याच सायबाच्या आयुष्यातली दुसरी गोष्ट. ती गोव्यात सुरू होते आणि जपानात जाऊन अगदी उलटी फिरते.

जगात आज सुमारे १४० कोटी कॅथलिक आहेत. ब्राझील, मेक्सिको, फिलिपिन्स या देशांत त्यांची संख्या फार मोठी. ते तिथे कसे आले, याचे उत्तर बहुतेकांना ठाऊक असते. स्पेन-पोर्तुगालची गलबते गेली, झेंडा रोवला गेला आणि झेंड्यामागून खुरीस गेला. आपल्या तिसवाडी, बारदेस, साष्टीतही तेच घडले. त्यामुळे आपल्या मनात एक समीकरण पक्के बसले आहे: राज्य असेल तर धर्म टिकेल, राज्य गेले की धर्म जाईल. जपानातले कॅथलिक या समीकरणात बसत नाहीत. तिथे पोर्तुगीजांचे राज्य कधीच नव्हते. जे राज्य होते ते या धर्माच्या मुळावर उठलेले होते. आणि तरीही तो धर्म काही खेड्यांत टिकला.

सुरुवात गोव्यापासूनच करू. झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. पाच वर्षांनी मलाक्क्यात त्याला एक जपानी माणूस भेटला. त्याचे नाव आंजिरो. हातून खून झाल्यामुळे तो देश सोडून पळाला होता आणि मनाला शांती मिळावी म्हणून पाद्रीच्या शोधात होता. त्याला गोव्यात आणले गेले. सेंट पॉल कॉलेजात त्याचे शिक्षण झाले आणि मे १५४८ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याचे नाव ठेवले पावलो द सांता फे. त्या कॉलेजची आज एक कमान तेवढी जुन्या गोव्यात उभी आहे. फोंड्याहून पणजीला जाताना आपण तिच्या जवळून जातो. जपानमधला ख्रिस्ती धर्म त्या कमानीतून बाहेर पडला असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

एप्रिल १५४९ मध्ये झेवियर आंजिरोला घेऊन गोव्याहून निघाला आणि १५ ऑगस्टला कागोशिमा बंदरात उतरला. पुढे जे झाले ते ऐकण्यासारखे आहे. जपानी लोकांच्या दृष्टीने हा माणूस ‘तेन्जिकू’हून आलेला होता. तेन्जिकू म्हणजे भारत, बुद्धाची भूमी. शिवाय आंजिरोने देवासाठी शब्द योजला ‘दाइनिची’, म्हणजे महावैरोचन बुद्ध. त्यामुळे हा कुठला तरी नवा बौद्ध पंथच आहे अशी ऐकणाऱ्यांची समजूत झाली. काही भिक्षूंनी तर त्याचे आनंदाने स्वागत केले. घोटाळा लक्षात आल्यावर झेवियरने तो शब्द टाकला आणि लॅटिनमधला ‘देउस’ शब्द वापरायला सुरुवात केली. पण तो परत गेल्यावरही, १५५२ मध्ये, यामागुचीच्या सरदाराने पाद्रींना जागा दिली तेव्हा त्या सनदेत कारण लिहिले होते ते बुद्धाच्या धर्माच्या प्रसाराचे! गोव्याहून गेल्याचा असाही एक फायदा झाला.

झेवियर जपानात सव्वादोन वर्षे राहिला. १५५२ मध्ये गोव्यात आला, लगेच चीनच्या वाटेला लागला आणि त्याच वर्षी ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. त्याने लावलेले रोप मात्र भराभर वाढले. १५६३ मध्ये ओमुरा सुमितादा या सरदाराने बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती झालेला तो पहिला सरदार. पोर्तुगीज जहाजे आपल्या बंदरात यावीत हाही त्यात हिशेब होताच. १५७४ च्या सुमारास त्याने आपल्या मुलखातल्या प्रजेला सरसकट ख्रिस्ती व्हायला लावले, बौद्ध मंदिरे आणि शिंतो देवस्थाने पाडली. १५८० मध्ये त्याने नागासाकी बंदर जेझुइटांच्या हवाली केले. गोव्याच्या वाचकाला यात ओळखीचे पुष्कळ सापडेल. साष्टीतली देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती. जपानातले ख्रिस्ती पुढे छळले गेले हे सांगताना, त्यांच्या काही सरदारांनी आधी काय केले होते हे लपवून चालणार नाही.

त्या काळात गोवा आणि जपान यांचे नाते किती जवळचे होते, हे एका प्रवासावरून कळते. १५८२ मध्ये नागासाकीहून चार कोवळे जपानी तरुण युरोपला निघाले. इतो मान्शो, चिजिवा मिगेल, नाकाउरा जुलियाओ आणि हारा मार्तिन्यो ही त्यांची नावे. वालिन्यानो या जेझुइट अधिकाऱ्याची ही योजना होती. १५८३ च्या अखेरीस ते गोव्यात पोचले. त्याच वर्षी जुलैत कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले होते आणि मग वाटाघाटींच्या नावाखाली बोलावून कुंकळ्ळीच्या गावकारांची असोळणेच्या किल्ल्यात कत्तल झाली होती. म्हणजे हे तरुण मांडवीच्या काठी उतरले तेव्हा साष्टीतली ती जखम ताजी होती. ते रोमला जाऊन पोपला भेटले आणि १५८७ मध्ये परत गोव्यात आले. येताना युरोपातून छापखाना घेऊन आले. हारा मार्तिन्योने गोव्यात लॅटिनमधून केलेले भाषण १५८८ मध्ये गोव्यातच छापले गेले. पुढे तो छापखाना जपानात गेला. तिथे धर्माची पुस्तके तर निघालीच, पण ‘हेइके मोनोगातारी’ ही जपानची जुनी युद्धकथाही १५९२ मध्ये रोमन लिपीत छापली गेली. पाद्रींना जपानी शिकता यावे हा त्यामागचा उद्देश. त्याच सुमारास इकडे साष्टीत थॉमस स्टीफन्स मराठी-कोकणी शिकत होता. त्याचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापून निघाले. दोन्हीकडे लोकांच्या भाषेत शिरायची धडपड एकच होती.

आता वारे फिरू लागले. १५८७ मध्ये, हे चार तरुण परतीच्या वाटेवर असतानाच, जपानचा सर्वाधिकारी हिदेयोशी याने पाद्रींना देश सोडायचा हुकूम दिला. त्याचे आक्षेप सरळ होते. तुम्ही जबरदस्तीने लोकांना का बाटवता, आमची देवळे का पाडता, आमची माणसे गुलाम म्हणून परदेशी का विकता? हे तिन्ही आरोप निराधार नव्हते. तेव्हा जपानी गुलाम गोव्यापर्यंत येत असत.

पुढे १५९६ मध्ये एक स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. आमचे पाद्री आधी येतात आणि फौजा मागून येतात, अशी बढाई त्यातल्या सुकाणूवाल्याने मारली असे सांगतात. ती मारली असो वा नसो, हिदेयोशी भडकला. क्योतो आणि ओसाका इथून २४ जणांना पकडण्यात आले. डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली आणि भर हिवाळ्यात महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेले. वाटेत आणखी दोघे वाढले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी या २६ जणांना खुरसावर चढवून भाल्यांनी मारले. त्यातले सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट आणि बाकी साधे जपानी लोक. सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा.

त्या सहा फ्रान्सिस्कनांत एक आपल्याकडचा होता. गोन्सालो गार्सिया, राहणार वसई. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. लहानपणीच तो जेझुइटांबरोबर जपानला गेला, जपानी उत्तम बोलायला शिकला, पण जेझुइटांनी त्याला संघात घेतले नाही. मग त्याने काही वर्षे व्यापार केला, नंतर मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात शिरला आणि १५९३ मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानला आला. १८६२ मध्ये रोमने त्याला संत म्हणून जाहीर केले. भारतात जन्मलेला हा पहिला संत. वसईतले मराठी बोलणारे ख्रिस्ती आजही त्याला आपला मानतात. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज सत्ता गेली, तरी तिथले ख्रिस्ती राहिलेच. राज्य आणि धर्म यांचे आपले समीकरण आपल्या शेजारीही चुकते, ते असे.

१६१४ मध्ये तोकुगावा शोगुनांनी देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. तेव्हा जपानात सुमारे तीन लाख ख्रिस्ती होते असा अंदाज आहे. पाद्रींना मकाव आणि मनिलाला घालवून दिले. काही लपून राहिले, काही वेष बदलून परत आले. १६२२ मध्ये नागासाकीत एकाच दिवशी ५५ जणांना मारण्यात आले. त्यात बायका आणि मुलेही होती. युरोपला जाऊन आलेल्या त्या चौघांचे काय झाले पाहा. इतो मान्शो १६१२ मध्ये आजाराने वारला. हारा मार्तिन्यो मकावला हद्दपार झाला आणि तिथेच वारला. चिजिवा मिगेलने जेझुइट संघ सोडला. नाकाउरा जुलियाओ लपूनछपून धर्मकार्य करत राहिला. त्याला १६३३ मध्ये नागासाकीत खड्ड्यात उलटे टांगून मारले.

खुद्द झेवियरच्या अवशेषांनाही जपानची वाट बंद झाली. त्याच्या उजव्या हाताचा कोपराखालचा भाग १६१४ मध्ये रोमला गेला. वरच्या भागाचे हाड जपानसाठी निघाले होते. पण छळामुळे ते पुढे जाऊ शकले नाही आणि मकावलाच राहिले. ते आजही तिथेच आहे.

१६३७ मध्ये शिमाबारा आणि आमाकुसा भागातले शेतकरी उठले. भरमसाट कर, दुष्काळ आणि धर्माचा छळ अशी तिन्ही कारणे एकत्र आली होती. पोरसवदा आमाकुसा शिरो हा त्यांचा पुढारी. हारा किल्ल्यात अडकलेले हे लोक १६३८ मध्ये जवळजवळ सगळे मारले गेले. पारंपरिक आकडा ३७ हजारांचा आहे. पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांना जपानात पाय ठेवायला बंदी झाली. विनवणी करायला १६४० मध्ये मकावहून शिष्टमंडळ गेले, तर त्यातल्या ६१ जणांची मुंडकी उडवली गेली. १६४४ मध्ये कोनिशी मान्शो हा लपून राहिलेला शेवटचा पाद्रीही मारला गेला. आता सगळ्या जपानात एकही पाद्री उरला नाही.

पाद्री नाही म्हणजे काय, हे कॅथलिक शेजार असलेल्या गोवेकराला वेगळे सांगायला नको. मीस नाही, कुमसार नाही, इगर्ज तर नाहीच. बाप्तिस्मा तेवढा अडचणीच्या वेळी कुणीही देऊ शकतो. तेवढ्या एका धाग्यावर नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांनी आपला धर्म धरून ठेवला.

त्यांनी गावागावांत माणसे नेमली. एक जण पंचांग सांभाळणारा, ‘चोकाता’. सणवार कधी, उपासाचे दिवस कोणते, हे तो सांगे. दुसरा बाप्तिस्मा देणारा, ‘मिझुकाता’, म्हणजे पाणीवाला. तिसरा घरोघर निरोप पोचवणारा. सोतोमे भागात १६३४ चे ख्रिस्ती पंचांग जपानी तिथींवर बसवून वापरत. ते बास्तियान नावाच्या धर्मशिक्षकाने दिले अशी परंपरा आहे. सात पिढ्या गेल्या की काळ्या जहाजांतून पाद्री परत येतील, असेही तो सांगून गेला म्हणतात.

सरकारची पकड घट्ट होती. प्रत्येक कुटुंबाला कुठल्या तरी बौद्ध मंदिरात नाव नोंदवावे लागे. नागासाकीत दरवर्षी ‘फुमिए’चा विधी होई. येशू किंवा मेरीची प्रतिमा जमिनीवर ठेवत आणि घरातल्या प्रत्येकाने तिच्यावर पाय ठेवायचा. जो कचरेल तो सापडला. चहाडी करणाऱ्याला चांदीचे बक्षीस. बहुतेकांनी पाय ठेवला. घरी येऊन मात्र ते ‘कोन्चिरिसान’ म्हणत. पोर्तुगीजमध्ये मनापासून झालेल्या पश्चात्तापाला ‘कोन्त्रिसांव’ म्हणतात, त्याचाच हा जपानी उच्चार. पाद्री नसेल तिथे मनोमन केलेल्या पश्चात्तापानेही क्षमा मिळते, असे सांगणारी एक पुस्तिका १६०३ मध्ये निघाली होती. तिच्या नकला हातोहात फिरल्या. कुणी मेले की बौद्ध भिक्षू येऊन सूत्रे म्हणत, आणि शेजारच्या खोलीत घरची माणसे ती सूत्रे ‘पुसणारी’ प्रार्थना पुटपुटत.

मेरीची मूर्ती ठेवणे म्हणजे मरण. मग त्यांनी कान्नोनच्या पांढऱ्या चिनी मातीच्या मूर्ती ठेवल्या. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. चीन-जपानात जाऊन तो स्त्रीरूप झाला. काही मूर्तींत तिच्या मांडीवर मूल असते. पाहणाऱ्याला ती कान्नोन, घरच्यांना ती सांता मारिया. इकित्सुकी बेटावर तर देव कोठीच्या खोलीतच लपवत. त्यांचे नावच ‘नान्दोगामी’, कोठीतले देव.

शब्दही तसेच लपून राहिले. त्यांच्या प्रार्थनेला ‘ओराशो’ म्हणतात. तो लॅटिन ‘ओरात्सियो’. ‘कुरुसु’ म्हणजे आपला खुरीस. पाद्रीला ते ‘बातेरेन’ म्हणत. आणि सर्वसामान्य जपानी माणूस रोज खातो त्या ‘पान’मध्ये आणि आपला पोदेर सकाळी आणतो त्या पावात पोर्तुगीज शब्द एकच आहे. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या तसे ओराशोचे अर्थ विसरले गेले, उच्चार बदलले. पण आजोबांकडून नातवाकडे ते तोंडी जात राहिले. अर्थ कळत नसताना पाठ केलेले मंत्र आपल्याही घरांत आहेतच.

आता मला अंत्रूजची आठवण होते. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. रात्रीच्या अंधारात लोकांनी देव उचलले आणि जुवारी ओलांडली. पलीकडे दुसऱ्याचे राज्य होते, म्हणून देव वाचले. मागे राहिले त्यांतल्या पुष्कळांनी धर्म बदलला, पण गावचा देव मनातून गेला नाही. १७३६ मध्येसुद्धा इन्क्विझिशनला ख्रिस्ती घरांतल्या हिंदू चालीरीतींवर बंदीचा लांबलचक हुकूम काढावा लागला, यावरूनच काय ते समजावे. गोव्यात ज्या धर्माने लोकांच्या माजघरात डोकावून पाहिले, त्याच धर्माच्या लोकांच्या माजघरात जपानचे अधिकारी डोकावत होते. फरक एवढाच की उराकामीच्या शेतकऱ्याला जुवारी नव्हती. पलीकडे दुसरे राज्य नव्हते. त्याला देव घरातच लपवावा लागला.

१८५० च्या दशकात जपानची दारे पुन्हा उघडली. परदेशी व्यापाऱ्यांसाठी नागासाकीत ओउरा इथे एक चर्च उभे राहिले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी खेड्यातली दहा-पंधरा माणसे तिथे आली. फ्रेंच पाद्री पेतिज्याँ आत प्रार्थना करत होता. त्यातली एक बाई जवळ येऊन हळूच म्हणाली की आमचे आणि तुमचे मन एकच आहे. मग तिने विचारले, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? बोलता बोलता त्यांनी हेही सांगितले की सध्या दुःखाचा काळ चालू आहे आणि आज त्याचा सतरावा दिवस. पेतिज्याँने हिशेब केला. कोरेज्म, म्हणजे ख्रिस्ती उपासाचा काळ, त्या वर्षी १ मार्चला सुरू झाला होता. तो खरोखरच सतरावा दिवस होता! शेवटचा पाद्री जाऊन तेव्हा २२१ वर्षे झाली होती.

गोष्ट इथे गोड संपायला हवी होती, पण बंदी अजून उठली नव्हती. १८६७ मध्ये उराकामीच्या लोकांनी बौद्ध अंत्यविधी नाकारले आणि धरपकड सुरू झाली. पुढच्या वर्षी शोगुन जाऊन मेइजी सरकार आले. हे नव्या विचारांचे म्हणवणारे सरकार, पण त्यानेही गावच्या गाव उचलून देशभरातल्या वीसेक ठिकाणी हद्दपार केले. एकूण ३,३९४ माणसे. त्यांतली सहाशेहून अधिक परत आली नाहीत. पाश्चात्त्य देशांनी निषेध केला आणि फेब्रुवारी १८७३ मध्ये बंदीचे फलक खाली उतरले.

परत आलेल्या लोकांजवळ काही नव्हते. तरी काही वर्षांत त्यांनी वर्गणी काढून एक जागा विकत घेतली. ती होती जुन्या गावप्रमुखाच्या वाड्याची. ज्या ठिकाणी दरवर्षी फुमिएवर पाय ठेवावा लागत होता, नेमकी तीच! तिथे १८९५ मध्ये इगर्जेचे काम सुरू झाले आणि १९१४ मध्ये ती पुरी झाली. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबाँब पडला तो या इगर्जेपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. आत कुमसार चालू होते. उराकामीच्या सुमारे १२ हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार मेले. शोगुनांना अडीचशे वर्षांत जे साधले नाही, ते एका ख्रिस्ती देशाच्या विमानाने एका सकाळी केले. १९५९ मध्ये इगर्ज पुन्हा उभी राहिली. एका मनोऱ्याची घंटा ढिगाऱ्यातून शाबूत निघाली होती, दुसऱ्याची फुटली होती. ती रिकामी जागा ऐंशी वर्षांनी भरली. अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून दिलेली घंटा ९ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या घंटेबरोबर वाजली.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. १८७३ नंतर लपलेल्या ख्रिस्त्यांपैकी सगळेच रोमच्या पाद्रींकडे परत गेले नाहीत. इकित्सुकीसारख्या ठिकाणी कित्येक जण कोठीतल्या देवांपाशीच राहिले. नवे पाद्री म्हणाले, तुमचे हे सगळे बदलून गेले आहे, आता खरा धर्म घ्या. त्यांचे उत्तर असे की वाडवडिलांनी जीव धोक्यात घालून जे आमच्या हाती दिले ते हेच, हे टाकले तर त्यांना टाकल्यासारखे होईल. या लोकांची संख्या आता फार घटली आहे. मुले शहरात गेली, ओराशो पाठ असणारी माणसे म्हातारी झाली, अनेक गावांतल्या मंडळ्या विसर्जित झाल्या. २०१८ मध्ये युनेस्कोने नागासाकी परिसरातल्या लपलेल्या ख्रिस्त्यांच्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. आज जपानात कॅथलिक साडेचार लाखांच्या आतच आहेत, लोकसंख्येच्या अर्धा टक्काही नाहीत.

एवढ्या थोड्या माणसांची गोष्ट आपण गोव्यात का वाचायची? कारण आपल्याकडे इतिहास काढला जातो तो बहुधा शेजाऱ्याचा हिशेब मांडण्यासाठी. तुमच्या लोकांनी हे केले, आमच्या लोकांनी ते सोसले. जपान या हिशेबात घोळ घालतो. मूर्ती फोडणारा आणि मूर्ती लपवणारा एकाच धर्माचा असू शकतो, कधी एकाच पिढीतला असू शकतो, हे तिथे दिसते. बदलते ती सत्तेची बाजू. इन्क्विझिशनचे पाप त्यामुळे कमी होत नाही आणि कुंकळ्ळीच्या गावकारांचे मरणही हलके होत नाही. पण प्रियोळला आणि कवळ्याला ज्यांचे देव रात्री चालत आले, त्यांना उराकामीच्या शेतकऱ्याचे दुःख इतरांपेक्षा लवकर कळायला हवे. आणि सायबाच्या फेस्ताला मेणबत्ती लावणाऱ्याला अंत्रूजच्या देवळांचे दुःख कळायला हवे, कारण त्याच्याच धर्माच्या माणसांनी दूर देशी ते भोगले आहे.

पुढचे शवप्रदर्शन आता २०३४ च्या सुमारास येईल. वादही कदाचित येईल. तेव्हा सेंट पॉलच्या त्या एकट्या कमानीपाशी थोडे थांबून पाहा. आंजिरो तिथून शिकून निघाला होता. त्याने नेलेल्या शब्दांतले काही शब्द इकित्सुकीच्या एखाद्या म्हाताऱ्याला, अर्थ न कळता का होईना, अजून पाठ आहेत.